भट्टी कधीच का फसत नाही?

'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा संगणकावरचा खेळ टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकी भावांनी २००२ मध्ये रचायला घेतला आणि २००६ मध्ये लोकांपुढे ठेवला. डोंगराच्या पोटात राहणारे सात ठेंगू कारागीर अनोळखी मुलखात उतरतात, खेळणाऱ्याने त्यांच्याकडून खाणी खणवून गड वसवायचा, असा हा डाव. जिंकण्याची सोय नाही. गड आज ना उद्या पडतोच. सुरुवातीला पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं दिसत. चित्रांसकट विकत मिळणारी आवृत्ती २०२२ मध्ये आली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये जे पहिले १४ खेळ आपल्या संग्रहात घेतले, त्यांत हा होता.

यातली खनिजं आणि धातुकाम अस्सल आहे, असा या खेळाचा लौकिक. तो किती खरा, यावर दोन माणसांचं जमत नाही. रेवती भूशास्त्र शिकलेली आहे आणि हा खेळ खेळते. तिचे मामा कोल्हापूरच्या फाउंड्रीत बीड वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीवर काम करून निवृत्त झाले.

मामा: ठेंगू माणसं, राक्षस, पाताळातला निळा धातू. यात अस्सल काय आहे ते तर सांग.

रेवती: दगड कुठं कोणता सापडतो, ते. खेळ आधी अख्खं जग घडवतो, डोंगर, नद्या, पाऊस, ज्वालामुखी. मग जमिनीखाली थर बसवतो. खोलवर थिजलेले ग्रॅनाइट, गॅब्रो. लाव्ह्याचे बेसॉल्ट, रायोलाइट. गाळाचे चुनखडक, वाळूखडक, शेल. दाबाने आणि उष्णतेने बदललेले संगमरवर, शिस्ट. आणि खनिज ज्या त्या थरातच मिळतं. कथलाचं कॅसिटराइट ग्रॅनाइटमध्ये. हिरे किंबरलाइटमध्ये, आणि किंबरलाइट गॅब्रोमध्ये. मॅग्नेटाइट आणि लिमोनाइट गाळाच्या खडकांत, दगडी कोळसा तिथंच, चुनखडकही तिथंच.

मामा: लोखंड, कोळसा आणि चुना एका ठिकाणी? असली जागा कुणाला नको?

रेवती: इंग्लंडात कोलब्रुकडेलला ती होती. तिथंच १७०९ मध्ये अब्राहम डार्बीनं लोणारी कोळसा सोडून कोकवर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावर, भट्टी चालवली. खेळणारा नकाशावर चुनखडक कुठं, धातू उथळ की खोल, हे बघून जागा निवडतो तेव्हा हाच हिशेब करतो. नुसत्या ग्रॅनाइटवर बसलात तर कथील मिळेल, पोलादाची आशा सोडा. मग गडाचा सगळा स्वभावच बदलतो. कुणाशी व्यापार करायचा, लढाईला काय घालून जायचं, तट किती जाड बांधायचा, सगळं त्या दगडावर ठरतं.

मामा: आणि आपल्यासारखा काळ्या पाषाणावर बसला तर?

रेवती: तिथं खेळ जरा उदार होतो. लाव्ह्याच्या थरांतही हेमॅटाइटच्या शिरा देतो. दख्खनच्या बेसॉल्टात तशा शिरा नाहीत. गडचिरोलीचं लोहखनिज त्याहून कितीतरी जुन्या खडकांतलं आहे. पण मूळ विचार पक्का आहे. दगड सगळीकडे सारखा नसतो आणि माणसाला मिळेल त्यात भागवावं लागतं.

मामा: दगडाचं मान्य केलं. आता भट्टीपाशी चल. पोलाद कसं करतात तुझे ठेंगू?

रेवती: आधी खनिज वितळवून लोखंडाच्या कांब्या. त्यातली एक कांब, चुनखडक आणि कोक मिळून पिग आयर्नची कांब. मग साधं लोखंड एक, पिग आयर्न एक, पुन्हा चुनखडक आणि कोक. त्यातून पोलादाच्या दोन कांब्या.

मामा: लोखंडापासून पिग आयर्न? गंगा उलटी वाहवली की! झोतभट्टीतून पहिलं बाहेर पडतं तेच पिग आयर्न. त्यात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन. तो जाळून काढला की घडीव लोखंड.

रेवती: झोतभट्टी असेल तर. ठेंगूंची पहिली भट्टी बुटकी, भात्यावरची धरा. तिच्यात लोखंड वितळत नाही, मळीनं, म्हणजे खनिजातल्या वितळलेल्या घाणीनं, भरलेला सच्छिद्र गोळा मिळतो, तो घणानं ठोकून कांब करतात. मग कार्बन वरून घालावा लागणारच. आणि शेवटची पायरी तर इतिहासातली आहे. चीनमध्ये घडीव लोखंड आणि बीड, म्हणजे हेच पिग आयर्न, एकत्र तापवून पोलाद करण्याची रीत सहाव्या शतकापासून माहीत होती. सोंग यिंगशिंग यानं १६३७ च्या आपल्या ग्रंथात तिचं वर्णन केलंय. लोखंडाचे पातळ पत्रे बांधायचे, वर बीड ठेवायचं. बीड आधी वितळतं आणि पत्र्यांत झिरपतं. एकात कार्बन जास्त, दुसऱ्यात जवळपास नाही, मधलं ते पोलाद.

मामा: निम्मं-निम्मं घेतलं तर दोन टक्के कार्बन राहील. तलवार दगडावर आपटली की तुकडे.

रेवती: काही कार्बन जळून जातो की.

मामा: जातो. पण किती जाऊ द्यायचा, हेच कारागिराचं काम. ते राहू दे. चुनखडक कशाला टाकतात ते तुझ्या खेळाला ठाऊक आहे का? आमच्या क्युपोलात कोकचा थर, मालाचा थर, वर चुनखडी. चुना राख आणि वाळू धरतो, त्याची पातळ मळी होऊन वेगळी वाहते. तुझ्या खेळात मळी कुठं जाते?

रेवती: मळी नाहीच. हेमॅटाइटचा एक धोंडा आत, लोखंडाच्या चार कांब्या बाहेर. जमिनीवर काही सांडत नाही.

मामा: बघ. जुनी भट्टी कुठं होती हे शोधायला लोक काय बघतात? मळीचे ढीग. महाबळेश्वराकडं धावड लोक जांभ्यातलं लोखंड गाळायचे, त्यांच्या मागंही मळीच राहते. लोखंड गंजून जातं, मळी जात नाही. तुझ्या ठेंगूंच्या गडावर उद्या कुणी उत्खनन केलं तर इथं लोखंड गाळत होते, याचा पुरावा मिळायचा नाही.

रेवती: मळी असती तर खेळणारा सगळा वेळ मळीच उपसत बसला असता. पण चुन्याला पोलादाच्या पायरीवर ठेवलंय, ते अगदीच चूक नाही. खनिजात फॉस्फरस असला की पोलाद ठिसूळ होतं. सिडनी गिलख्रिस्ट थॉमसनं १८७० च्या दशकाच्या शेवटी भट्टीला डोलोमाइटचं अस्तर दिलं, आत चुना टाकला आणि फॉस्फरस मळीत उतरवला. खेळात चुनखडक, डोलोमाइट, संगमरवर, खडू, कॅल्साइट यांतलं काहीही चालतं. ही यादी रसायनाच्या अंगानं बरोबर आहे.

मामा: यादी बरोबर, जागा सैल. आणि कोक?

रेवती: दगडी कोळसा किंवा लिग्नाइट भाजून. लिग्नाइटमधून कमी मिळतो.

मामा: लिग्नाइटचा कोक होत नाही, पोरी. भाजला की भुगा. चंद्रपूरचा कोळसा विजेला चालतो, कोकला नाही. कोकला लागतो तो झरियाकडचा. भट्टीत वरच्या मालाचं ओझं पेलून धरील आणि मधून हवा जाऊ देईल, असा कोळसा लागतो. आता माझा मोठा आक्षेप ऐक. त्या खेळात लाव्ह्यावर चालणारी भट्टी आहे, असं मागं एकदा म्हणाली होतीस.

रेवती: हो. लाव्ह्याच्या कुंडावर भट्टी बांधली की जळण लागत नाही. सगळ्यांचं स्वप्न असतं ते. आणि तिथं आकडे नेमके आहेत. खेळाचं स्वतःचं तापमापक आहे, उरिस्ट नावाचं. लाव्ह्याचं तापमान बारा हजार उरिस्ट, म्हणजे १,१११ अंश सेल्सिअस, खऱ्या बेसॉल्टी लाव्ह्याइतकं. तांबं १,०८५ अंशाला वितळतं, म्हणून तांब्याचं दार लाव्ह्यात टिकत नाही. लोखंड १,५३८ अंशाला, म्हणून ते टिकतं.

मामा: उष्णता पुरली असं घटकाभर धरू. कोळसा नसताना हेमॅटाइटमधला ऑक्सिजन काढून कोण नेतं? खनिज नुसतं तापवून लोखंड होत नाही. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजन घेऊन जातो, तेव्हा लोखंड मागं उरतं. भट्टीतला कोळसा दोन नोकऱ्या करतो. तुझ्या खेळानं एकीचाच पगार दिला.

रेवती: इथं माझ्याकडं उत्तर नाही. गंमत म्हणजे पिग आयर्न आणि पोलाद करताना लाव्ह्याच्या भट्टीतही एक कोक मागतात. कार्बन पोलादात मिसळतो, हे खेळाला ठाऊक आहे. तो ऑक्सिजन ओढून नेतो, हे त्यानं सोडून दिलंय.

मामा: मग अस्सल म्हणायचं कशाला?

रेवती: कारण जिथं सोपं खोटं चाललं असतं, तिथंही तो अडतो. बॉक्साइट बघा. खेळात बॉक्साइट आहे, लाव्ह्यात न वितळणारा म्हणून कामाचाही आहे. पण त्यातून अ‍ॅल्युमिनियम काढता येत नाही. शुद्ध रूपात निसर्गात सापडणारं अ‍ॅल्युमिनियम क्वचित मिळतं, ते घ्या नाहीतर सोडा. दुसऱ्या खेळानं बॉक्साइट भट्टीत टाकून कांब काढली असती.

मामा: हे बाकी खरं. आपल्या राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवर बॉक्साइट केवढा! पण विजेनं अ‍ॅल्युमिनियम काढायची रीत १८८६ ची. भट्टीवाल्याला तो नुसता तांबूस धोंडा.

रेवती: हत्यारांतही तसंच. प्रत्येक धातूला घनता, ताकद, धार किती चढते याचे आकडे दिलेत. म्हणून कांसं साध्या लोखंडापेक्षा थोडं सरस ठरतं, आणि तसं ते असतंही. लोखंडानं कांशाला मागं टाकलं त्याचं मोठं कारण म्हणजे कथील थोड्या ठिकाणी मिळतं आणि लोखंड बहुतेक सगळीकडे. हातोडा करायचा तर चांदी पोलादाला भारी पडते, कारण ती जड आहे. तुमचा तो निळा धातू, अ‍ॅडमंटाइन, पूर्ण कल्पनेतला. पण त्यालाही याच तक्त्यात बसवलंय. पाण्याच्या पाचव्या हिश्श्याइतका हलका आणि धार विलक्षण. म्हणून तलवार अजोड, हातोडा कुचकामी. जादूचा धातूसुद्धा नियम पाळतो.

मामा: जादूचा पाळतो, जस्त पाळत नाही. जस्ताचं खनिज टाकलं की कांब बाहेर, असंच ना?

रेवती: स्फॅलेराइट टाकला की जस्ताची कांब. हो.

मामा: जस्त ९०७ अंशाला उकळतं. खनिजातून ते सुटायला त्याहून जास्त ताप लागतो. म्हणजे सुटलं की वाफ, आणि वाफ हवेला लागली की जळून पांढरी भुकटी. उघड्या भट्टीत हाती काही राहत नाही. उदयपूरजवळ जावरला लोकांनी यावर तोड काढली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, त्यांना खाली नळी. मुशी उलट्या रचायच्या, वरून जाळ, खालचा कक्ष थंड. वाफ खाली उतरते आणि तिथं गोठते. मध्ययुगात तिथं हा धंदा मोठ्या प्रमाणावर चालला होता.

रेवती: 'रसरत्नसमुच्चया'त त्या वांग्याच्या आकाराच्या मुशीचं वर्णन आहे, ते मी वाचलंय. आणि इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं वाफ खाली उतरवायची रीत वापरली ती थेट १७३८ च्या सुमारास.

मामा: मग यावरून काय दिसतं? जस्ताचं खनिज जगात अनेक ठिकाणी होतं. दुर्मीळ होती ती मूस. तुझ्या खेळात नेमकं उलट आहे. दगड दुर्मीळ आणि विद्या फुकट. पहिल्या दिवशी उतरलेल्या सात जणांना लोखंड, पोलाद, पितळ, जस्त, प्लॅटिनम, सगळं येतं. प्लॅटिनम वितळायला १,७६८ अंश लागतात, आणि तुझे ठेंगू ते भात्यावर वितळवतात!

रेवती: सगळ्यांना सगळं येत नाही. पोलाद फक्त ठेंगूंना येतं. माणसं, एल्फ, गॉब्लिन, खेळातल्या या बाकीच्या जमातींत कुणालाच नाही. विद्या एका लोकांकडं असते आणि दुसऱ्यांकडं नसते, हे खेळाला कळतं.

मामा: असते, पण मिळवावी लागत नाही. जन्मानं आलेली. आणि कोल्हापूरचं काय करशील? खाली काळा पाषाण. कोक नाही, पिग आयर्नचं खनिज नाही. तुझ्या नकाशावर हे गाव ओतकामाला नापास. तरी इथं फाउंड्र्या उभ्या राहिल्या. उसाचे चरक पाहिजे होते, ऑइल इंजिनं पाहिजे होती आणि ती बनवणारे हात इथं होते. कोक बाहेरून आला, पिग आयर्न बाहेरून आलं.

रेवती: पण आलं ते रस्ते आणि रेल्वे होते म्हणून. खेळातही तांडे येतात. लोखंड नसेल तर पुढच्या वर्षी कांब्या आणा, असं सांगता येतं. आणि दिलेला दगड नाकारून वसलेला गड फार मजेचा असतो. कोल्हापूर खेळात बसतं, मामा. फक्त कठीण जागा म्हणून.

मामा: तांडा कांब्या आणतो, हात आणत नाही. बरं, तुझ्या भट्टीवरच्या माणसाचा हात बसला की काय फरक पडतो?

रेवती: लोहार निष्णात असेल तर तलवार उत्तम होते, तिचं मोल वाढतं. भट्टीवाला निष्णात असेल तर काम लवकर उरकतं.

मामा: आणि नवखा असला तर?

रेवती: उशीर लागतो. कांब तेवढीच, तशीच.

मामा: म्हणजे भट्टी फसतच नाही.

रेवती: नाही.

मामा: ज्या खेळात हरणं हीच मजा असं तुम्ही लोक अभिमानानं सांगता, त्यात धरण फुटतं, दारू संपली की माणसं वैतागतात, एखाद्या कारागिराला वेड लागतं, पाताळातून राक्षस येतात. एवढ्यात एकच वस्तू कधी दगा देत नाही, ती म्हणजे भट्टी. आणि खऱ्या जगात सगळ्यात आधी दगा देणारी तीच. कोक ओला निघाला, हवा कमी पडली, धातू पन्हळीतच थिजला, की पूर्ण हीट, म्हणजे एका वेळचा सगळा वितळवलेला माल, वाया.

रेवती: त्याला कारण आहे. पूर आला की बांध कुठं फुटला ते दिसतं. वेढा पडला की कुठला दरवाजा उघडा राहिला ते दिसतं. हरणं मजेचं तेव्हाच, जेव्हा का हरलो ते कळतं. भट्टी का फसली ते कसं दाखवणार? लोखंड आणि पोलाद यांतला फरक कार्बनचा आहे, हे फ्रान्समध्ये तिघा शास्त्रज्ञांनी १७८६ मध्ये मांडलं. त्याआधी पोलाद करणाऱ्यांनाही कारण ठाऊक नव्हतं.

मामा: कारण ठाऊक नव्हतं, खूण ठाऊक होती. आम्हीसुद्धा ओतण्याआधी पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतायचो, गार करून मोडायचो. आत करडा दिसला तर ठीक. टोकापासून फार आतपर्यंत पांढरा दिसला तर माल कडक होणार, मशीनवर चालणार नाही. तुझ्या खेळात तसा मोडलेला तुकडा दाखव. वाचायला शिकतील लोक.

रेवती: मग तो खेळ भट्टीचा होईल, गडाचा राहणार नाही. दीडशे ठेंगूंचं खाणंपिणं, लढाया, लग्नं सांभाळायची आणि प्रत्येक कांबेचा तुकडा वाचायचा? या खेळात गडाकडं वरून बघायचं असतं. तिथून धातू म्हणजे किती आला आणि किती गेला, एवढंच दिसतं.

मामा: म्हणजे मालकाची नजर. मालकाला फसलेली हीट दिसत नाही हे खरं. वाया गेलेला माल आम्ही पुन्हा भट्टीत टाकायचो, शेवटी ठरलेले नग बाहेर पडायचेच. पण त्याच्या वहीत एक आकडा फुगायचा, कोकचा. हीट फसली की कोक दुप्पट. तेवढा तरी तुझ्या गडाच्या मालकाला दिसू दे.

रेवती: थांबा. नवखा भट्टीवाला जास्त कोळसा खाईल, असं म्हणताय?

मामा: खातोच. आणि लाव्ह्याच्या भट्टीलाही खनिजामागं थोडा कोळसा लागू दे. ताप फुकट, कोळसा नाही.

रेवती: हे मात्र गडावरून दिसेल. दगडी कोळसा नसेल तर लोणारी कोळसा, म्हणजे झाडं. आणि खेळातले एल्फ दरवर्षी येऊन बजावतात, की एवढ्याहून जास्त झाडं तोडायची नाहीत. नवख्या हातानं चार हीट फसवल्या, कोळसा संपला, झाडं जास्त पडली, एल्फ बिथरले. दोन वर्षांनी दारात फौज.

मामा: आणि गड पडला?

रेवती: पडू शकतो. मग वही उलटून बघायची, की त्या वर्षी भट्टीवर कुणाला बसवलं होतं.

मामा: असं झालं तर दगडाच्या बाबतीत मी तुझ्याशी भांडणार नाही. त्या खेळात दगडाला किंमत आधीपासून होती, आता भट्टीवाल्यालाही आली.